तायडे साहेबांनी पाणी थांबवलं तेव्हा

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिल्या की आमची सून लाइटचं काम करते. मी दुरुस्त करायचा प्रयत्न सोडून दिला होता. अमरावतीला इन्स्ट्रुमेंटेशन शिकले, अकोल्याच्या एका छोट्या कंपनीत आयुष्यभर नोकरी केली, आणि काय केलं हे चार लोकांत एका वाक्यात सांगता आलं नाही. आता निवृत्तीनंतर लिहायला बसले आहे तर आधी तेच सांगते.

कारखान्यात किंवा पाण्याच्या प्लांटवर मोजणारी उपकरणं असतात. टाकीत पाणी किती, वाफेचा दाब किती, पाण्यात क्लोरीन किती, हे ती सतत मोजतात आणि आकडा एका पेटीला कळवतात. पेटीला आम्ही कंट्रोलर म्हणतो. आकडा पाहून पंप चालवायचा की थांबवायचा, झडप उघडायची की बंद करायची, हे पेटी ठरवते. हे सगळं ऑपरेटरला खोलीत बसून संगणकाच्या पडद्यावर दिसतं. अशी व्यवस्था आखायची, बसवायची आणि तिच्यात नको तो माणूस शिरणार नाही हे पाहायचं, हे माझं काम. बँकेचा संगणक चुकला तर कागदावरचा आकडा चुकतो. आमचा चुकला तर लोखंड हलतं, नाहीतर हलायचं ते हलत नाही.

अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकांनी मला या कामातला पहिला मोठा वाद दिला. कापसाच्या गाठी बांधणारं नवं प्रेस त्यांनी घेतलं होतं. ते फोनवर दिसावं ही त्यांची हौस मी पुरी केली. मग म्हणाले, फोनवरून चालूही करता आलं पाहिजे.

"पाहता येईल शेठजी. चालू नाही करता येणार," मी म्हटलं.

"काहून? मशीन माझी, फोन माझा."

"आत कोणाचा हात असला तर तो तुमचा नसेल."

त्यांना राग आला. पुढची मशीन त्यांनी दुसऱ्या कंपनीकडून बसवून घेतली, आणि त्यांनी मागितलं ते सगळं त्या कंपनीनं दिलं. तिथे काही अपघात झाला असं मी ऐकलं नाही. म्हणजे मी बरोबर होते असं सिद्ध झालं नाही. आमच्या कामात हे नेहमीचंच. घडलं नाही ते कोणाला दिसत नाही, आणि ते आपल्यामुळे घडलं नाही असं सांगायला गेलं तर लोक हसतात.

हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते खारपाणपट्ट्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर. गावांची नावं लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. या भागात विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. जनावरंही तोंड फिरवतात. म्हणून लांबच्या धरणातून पाणी आणायचं, प्लांटवर शुद्ध करायचं आणि एका तालुक्याच्या गावाला आणि पुढच्या खेड्यांना पाठवायचं, अशी ती योजना. उन्हाळ्यात पाळीपाळीनं पाणी सुटायचं. ज्या गावाची पाळी असेल तिथे बायका आदल्या दिवसापासून भांडी घासून ठेवत.

प्लांटचे प्रमुख होते उपअभियंता तायडे साहेब. उंच, सावळे, कमी बोलणारे. त्यांचे वडील शेतमजूर होते, आणि बाबासाहेबांचा फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा. भिंतीवर का नाही असं एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "भिंतीवर लावला तं येणाऱ्यायले दिसते. इथं ठेवला तं मले दिसते." आमचं नातं कामापुरतंच होतं, पण मी त्यांना मानत असे. स्वतःला न समजलेल्या गोष्टीवर त्यांनी कधी मान डोलावली नाही. समजेपर्यंत विचारत राहायचे.

पडद्याची सगळी व्यवस्था पुण्याच्या एका ठेकेदारानं बसवली होती. देखभालीचं काम नंतर आमच्या कंपनीकडे आलं. ठेकेदारानं स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून आत यायची वाट ठेवली होती, म्हणजे पुण्यात बसून त्याचे लोक आमच्या प्लांटचा संगणक चालवू शकत. त्याच्या सगळ्या प्लांट्सना एकच पासवर्ड होता, आणि तो म्हणजे त्याच्या कंपनीचंच नाव. ती वाट बंद करावी असं मी कळवलं. ठेकेदार म्हणाला, वॉरंटी आहे तोवर हात लावू नका. वरिष्ठ कार्यालय म्हणालं, ठेकेदार म्हणतो तसं करा.

त्या मे महिन्यात मी एका सकाळी नेहमीच्या तपासणीला प्लांटवर गेले होते. ऑपरेटर गावंडे भाऊ खुर्चीत बसले होते. पडद्यावर सगळं हिरवं. मी क्लोरीनचा आलेख उघडला आणि तशीच थांबले.

मोजलेला आकडा कधी स्थिर नसतो. पाणी वाहतं, ऊन चढतं, पंप बदलतो, त्याप्रमाणे रेघ थोडी थरथरते. ही रेघ आदल्या दुपारपासून पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. आकडा योग्य होता, म्हणून भोंगा वाजला नव्हता आणि कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"गावंडे भाऊ, काल दुपारी कोणी काही केलं का?"

"नाई मॅडम. मीच होतो न. काल तं चहा प्यायले बी उठलो नाई."

कंट्रोलरमध्ये पाहिलं. क्लोरीन मोजणाऱ्या उपकरणाचं म्हणणं बाजूला सारून तिथे एक आकडा बसवून ठेवला होता. उपकरण दुरुस्त करताना असं करतात, आणि काम झालं की तो आकडा काढतात. पण इथे कोणीच दुरुस्ती करत नव्हतं. पेटी त्या खोट्या आकड्यावर विसंबून क्लोरीन सोडत होती. संगणकाच्या नोंदीत एवढंच होतं की कोणीतरी बाहेरून, ठेकेदाराच्या नावानं, आत आलं होतं.

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, काल आमच्यापैकी कोणीच आलं नाही. मग पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला, की कदाचित कोणी आलं असेल, विचारून सांगतो. त्यानं पुढे कधी सांगितलं नाही.

सगळ्यात आधी मी बाहेरच्या जगाशी जोडलेली तार काढली. मग तायडे साहेबांना बोलावलं. ते आले, उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हातानं तपासा."

हाताची तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. प्लांटवरच्या पाण्याला पिवळा रंग आला, ठीकठाक. मग लाइनच्या टोकाच्या गावातल्या टाकीचं पाणी पाहायला माणूस पाठवला. त्याचा फोन आला, रंगच येत नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? रात्री क्लोरीन कमी सुटलं असेल. नाहीतर मे महिन्याच्या उन्हात लांबच्या टाकीत पोचेपर्यंत उडून गेलं असेल, तेही होतं. दोन्ही शक्य होतं.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. खोटा आकडा काढून टाकू, दर तासाला हातानं तपासू आणि पुरवठा चालू ठेवू.

तायडे साहेब खुर्चीत बसले. "मॅडम, हातानं काय तपासता येते?"

"क्लोरीन. गढूळपणा, नजरेनं."

"त्या माणसानं अखीन काय काय बदलवलं, हे तुमाले माहीत आहे काय?"

"अजून नाही. सगळं एकेक करून पाहावं लागेल."

"किती येळ लागन?"

"आजचा दिवस. कदाचित उद्याचाही."

"आन् तोवर हा पडदा खरा की खोटा, हे सांगता येते काय?"

"नाही."

मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. त्यांच्याशी ते शुद्ध बोलायचे. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. पडदा ठीक दाखवतोय ना? हाताची तपासणी ठीक आहे ना? मग कशाला घाबरवता? लग्नसराई आहे, लोक रस्त्यावर येतील. तायडे साहेब म्हणाले, "सर, आपण तसा लेखी आदेश द्यावा, मी चालू ठेवतो." फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, पाणी सुरक्षित आहे असं तुमी म्हणान काय?"

"तसं म्हणता येणार नाही."

"सुरक्षित नाई असं म्हणान?"

"तेही म्हणता येणार नाही."

"मंग मले बंद कराच लागन," ते म्हणाले. गावंडे भाऊंना त्यांनी पंप थांबवायला सांगितलं. गावोगाव दवंडी गेली, मोबाइलवर निरोप गेले, की टाकीतलं पाणी पिऊ नका, पुढचा निरोप येईपर्यंत नळ येणार नाही. दवाखान्याला टँकर त्यांनी स्वतः फोन करून मिळवून दिले.

पंप थांबल्यावर प्लांट किती शांत होतो हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. झाडावरचे पक्षी ऐकू येऊ लागले.

दुपार व्हायच्या आत फाटकाशी लोक जमले. बायका पुढे होत्या. त्यांच्यात एक मध्यम वयाची बाई होती, डोक्यावर पदर, हाताला हळद लागलेली. तिच्या घरी लग्न होतं. पाहुणे येऊन बसले होते. शिपाई म्हणाला, साहेब, बाहेर जाऊ नका. तायडे साहेब गेले. मी त्यांच्या मागे उभी राहिले.

"साहेब, धरणात पानी हाय का नाई?" त्या बाईनं विचारलं.

"आहे."

"मंग सोडून काहून नाई राह्यले?"

"बाई, पाणी आहे. पण ते चांगलं आहे का वाईट, हे मले आज सांगता येत नाई."

"तुमाले सांगता येत नाई तं तुमी इथं बसले कायले?"

गर्दीतून हसण्याचा आवाज आला. तायडे साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "यासाठीच बसलो आहो," ते म्हणाले. "सांगता आलं नाई तं बंद करासाठी."

तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. खाऱ्या पाण्यात वरण शिजत नाही, आणि तिच्या दारात पाहुणे होते. तिला एक टँकर मिळाला, पण तो सगळ्या गल्लीनं वाटून घेतला. जाताना तिनं तायडे साहेबांकडे पाहिलं ते मला विसरता येत नाही. त्या नजरेत शिवी नव्हती. या माणसाकडून काही मिळणार नाही, एवढंच तिला कळलं होतं.

आम्ही कामाला लागलो. गावंडे भाऊ आणि मी प्रत्येक उपकरणापाशी गेलो. टाकीत काठी बुडवून पातळी पाहायची, पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायची. झडपेजवळ उभं राहून ती खरंच हलते का ते पाहायचं. ऊन असं की लोखंडाला हात लागला तर चटका बसे. पाण्याशी संबंध असलेलं आणखी काही बदललेलं सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही क्लोरीनच्या खोलीपाशी आलो.

क्लोरीन सिलिंडरमध्ये असतो. गळला तर त्या हिरवट वायूनं फुफ्फुसं जळतात. म्हणून त्या खोलीत वास घेणारं उपकरण आणि बाहेर भोंगा असतो. ठेकेदारानं तार वाचवण्यासाठी भोंगा थेट उपकरणाला न जोडता संगणकामार्फत जोडला होता. मी उपकरणाजवळ चाचणीचा वायू धरला. उपकरणावरचा लाल दिवा लागला. भोंगा वाजला नाही. संगणकात तो बंद करून ठेवला होता.

गावंडे भाऊ उंबऱ्यावर होते. ते एकदम मागे सरले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले.

"काल सकाळी मी आत जाऊन आलो," ते म्हणाले. "परवा माह्या पुतण्यानं सिलिंडर बदलवलं." पुतण्याही प्लांटवरच कामाला होता.

त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी तोंडावर मारलं. वायू गळला नव्हता. कोणाला काही झालं नव्हतं. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत गावंडे भाऊ त्या खोलीत कोणाला एकटं जाऊ देत नसत, आणि स्वतः दारात उभे राहत.

त्याच संध्याकाळी पाणी सुटलं.

तो खोटा आकडा कोणी बसवला, भोंगा कोणी बंद केला आणि का, हे कधी कळलं नाही. पोलीस संगणक घेऊन गेले. ठेकेदाराच्या कोणा माणसानं काम करताना हे बंद केलं आणि विसरला, की कोणी मुद्दाम केलं? मी वर्षानुवर्षं विचार केला. शत्रू आणि निष्काळजी माणूस एकाच दारातून आत येतात, आणि आत आल्यावर दोघांच्या खुणा सारख्याच असतात.

चौकशी मात्र झाली, ती तायडे साहेबांची. ऐन उन्हाळ्यात पुरवठा बंद केला, लोकांत घबराट पसरवली, असे आरोप होते. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. भोंग्याचं मी सांगितलं. चौकशी करणारे म्हणाले, त्याचा पाण्याशी संबंध नाही. मग एकानं विचारलं, "पाणी बंद केलं नसतं, तर लोकांना अपाय झाला असता का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तो खरा जबाब होता, आणि तेवढाच लिहून घेतला गेला. अहवालात आलं की अपाय झाला असता असं तज्ज्ञांनाही म्हणता आलेलं नाही. तायडे साहेबांची बदली झाली, एका अशा कार्यालयात जिथे पाण्याशी संबंध फायलीपुरता. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी तिथेच काढली.

मला जे बोलायचं होतं ते परतीच्या एसटीत सुचलं. तुम्ही चुकीचा प्रश्न विचारता आहात, असं म्हणायला हवं होतं. माहीत नसताना पाणी चालू ठेवणं हाही एक निर्णय असतो. तो घेणाऱ्याची चौकशी होत नाही, कारण तो घेतला असं कोणाला दिसतच नाही. पण एसटीत सुचलेल्या वाक्याची नोंद कोण घेणार?

प्लांटवर पुढे बदल झाले. बाहेरची वाट राहिली, पण तिला प्लांटवरच किल्ली बसवली. ऑपरेटरनं हातानं किल्ली फिरवली तरच बाहेरचा माणूस आत येतो, आणि काम झालं की ऑपरेटर किल्ली काढून घेतो. भोंगा थेट उपकरणाला जोडला, मध्ये संगणक नाही. हे सगळं आम्ही आसपासच्या इतर योजनांवरही केलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. तायडे साहेबांचं नाव तिथे कोणी घेतलं नाही. मी घेतलं, तेव्हा विषय बदलला गेला.

निवृत्तीनंतर ते अमरावतीला राहायला गेले. मी भेटायला गेले होते. मनात वर्षानुवर्षं साठलेलं बोलून टाकलं, की माझ्या त्या उत्तरानं तुमचं नुकसान झालं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, तुमी खोटं बोलल्या असत्या तं मले आवडलं नसतं. तुमाले माहीत नव्हतं, मले बी नव्हतं. त्याच्याचसाठी तं बंद केलं." मग आत पाहून म्हणाले, "आवं, मॅडमले चहा ठेव."

मला हायसं वाटलं असं नाही. त्यांनी माफ केलं म्हणून घडलेलं बदलत नाही. त्यांच्यासारखा माणूस प्लांटवर असायला हवा होता तेव्हा फायलींत बसला होता, हे नुकसान त्यांच्या एकट्याचं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मला एक फोन आला. शीतल वानखडे, आमच्याच कंपनीत मी शिकवलेली, आता दुसऱ्या एका पाणी योजनेवर अभियंता आहे. पडद्यावरचा आकडा आणि हातानं मोजलेला आकडा जुळत नव्हता, आणि कारण सापडत नव्हतं.

"मॅडम, बंद करू का?"

"तुला काय वाटतं?"

"बंद करावं. पण मॅडम, नंतर विचारतील."

"विचारू दे. मी येते."

अकोल्याहून दुपारची एसटी पकडली. मी पोचले तेव्हा पुरवठा बंद होता आणि तिचे वरिष्ठ येऊन बसले होते. ते चिडलेले होते. त्यांनी मला चौकशीतला तोच प्रश्न विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत. मी म्हणाले, "माहीत नाही, साहेब. आणि ज्याला माहीत नाही त्यानं पाणी सोडायचं नसतं, एवढं तिला मीच शिकवलं आहे. लिहायचं असेल तर दोन्ही वाक्यं लिहा." त्यांनी खुर्ची ओढली आणि शीतलला म्हणाले, दाखवा काय आहे ते.

उंदरानं तार कुरतडली होती. बाकी काही निघालं नाही. कोणी आत शिरलं नव्हतं, पाणी चांगलं होतं, आणि लोकांनी शीतलला दिवसभर नावं ठेवली. ती रडवेली झाली होती. मी तिच्याबरोबर पंप सुरू होईपर्यंत थांबले.

घरी येऊन तायडे साहेबांना फोन केला. आताशा त्यांना नीट ऐकू येत नाही, सावकाश बोलावं लागतं. सगळं सांगितलं. उंदराचं ऐकूनही ते हसले नाहीत.

"तिची बदली तं नाई न केली?" त्यांनी विचारलं.

"नाही केली."

ऐकू गेलं नसेल म्हणून मी ते पुन्हा सावकाश सांगितलं.

"टोकाच्या गावाले पाणी पोचलं काय?" ते म्हणाले.

"संध्याकाळी पोचलं, साहेब."

"मंग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.